कॉलेज करताना स्टार्टअप आणि कॉलेजचा खरा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातले विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील आम्हाला जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. विद्यार्थी बहुतेकदा धंद्याबद्दल विचारतात आणि पालक फीबद्दल. अडचण मात्र दोघांची एकच असते: तोंडी सांगितलेलं एक आणि कागदावर दुसरंच. म्हणून जिथे जमेल तिथे कोणता कागद मागायचा हे सांगितलं आहे. योजनांच्या रकमा आणि अटी शासन निर्णयागणिक बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी चालू वर्षाचा निर्णय एकदा वाचून घ्या.

१. कॉलेज स्टार्टअपला मदत करतं म्हणजे नेमकं काय देतं?

बसायला जागा, इंटरनेट, लॅब आणि वर्कशॉपचा वापर, अनुभवी लोकांचं मार्गदर्शन, पेटंटच्या अर्जाला मदत आणि नशीब चांगलं असेल तर थोडं बीजभांडवल. शिवाय अभ्यासक्रमात थोडी सवलत मिळू शकते, म्हणजे हजेरी, ब्रेक किंवा प्रोजेक्टमध्ये (प्रश्न ९ ते ११ पाहा). केंद्र सरकारने २०१९ मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण आणलं, त्यात हे सगळं लिहिलेलं आहे. संस्थेने वार्षिक बजेटच्या किमान १ टक्का रक्कम या कामासाठी ठेवावी, असंही त्यात आहे. पण हे धोरण मार्गदर्शक आहे. संस्थेने ते ठराव करून स्वीकारलं असेल, तरच त्यातल्या सवलती हक्काने मागता येतात.

२. आमच्या कॉलेजात यातलं काही आहे का, हे कसं कळणार? विचारलं तर सगळे ‘आहे आहे’ म्हणतात.

‘आहे’ वर थांबू नका. तीन गोष्टी विचारा. पहिली, इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल आहे का, आणि तिचे संयोजक कोण? ही कौन्सिल २०१८ पासून देशभरातल्या कॉलेजांत सुरू झाली. काही ठिकाणी ती खरोखर काम करते. काही ठिकाणी वर्षातून दोन व्याख्यानं आणि फोटो, इतकंच. दुसरी, वरचं २०१९ चं धोरण कॉलेजने कोणत्या तारखेच्या ठरावाने स्वीकारलं? तिसरी, गेल्या दोन वर्षांत किती विद्यार्थ्यांच्या उपक्रमांना जागा किंवा पैसे मिळाले? त्यांतल्या एखाद्याशी बोलायला मिळालं तर बाकी काही विचारायची गरजच उरत नाही.

कॉलेजात काहीच नसेल तर विद्यापीठाकडे जा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठात नवोपक्रम आणि इनक्युबेशनसाठी (म्हणजे नव्या धंद्याला जागा, मार्गदर्शन देऊन वाढवण्यासाठी) स्वतंत्र मंडळ असतं, आणि संलग्न कॉलेजातल्या विद्यार्थ्यालाही तिथे जाता येतं. विद्यापीठांबाहेरही केंद्रं आहेत: पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर, छत्रपती संभाजीनगरमध्ये मॅजिक. आयआयटी मुंबईचं ‘साइन’ २००४ पासून चालू आहे. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज ही कंपनी तिथेच वाढली आणि २०२३ मध्ये शेअर बाजारात आली.

सरकारी किंवा अनुदानित संस्था उत्तर देत नसेल तर माहिती अधिकारात विचारा. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

३. सुरुवातीलाच प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढावी का?

बहुतेकांना गरज नसते. कंपनी काढणं हल्ली सोपं झालंय, ती सांभाळणं नाही. एक रुपयाची विक्री झाली नाही तरी प्रायव्हेट लिमिटेडला दरवर्षी ऑडिट करून घ्यावं लागतं, विवरणपत्रं भरावी लागतात, सीएची फी द्यावी लागते. कंटाळून बंद करायची म्हटलं तर नाव काढून टाकण्याच्या अर्जाचीच सरकारी फी १०,००० रुपये आहे. दुसऱ्या वर्षाला कंपनी काढून चौथ्या वर्षी ती बंद कशी करायची हे विचारणारे मेल आम्हाला भरपूर येतात.

ग्राहक आहेत का एवढंच तपासायचं असेल तर स्वतःच्या नावाने एकल मालकी पुरते. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून होणारी सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते. त्यासाठी पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर समजा ती सरकारी नाही. दुकान किंवा ऑफिस थाटलं आणि कामावरची माणसं कायद्यातल्या चालू मर्यादेपेक्षा कमी असतील, तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की झालं. त्यालाच लोक अजून गुमास्ता म्हणतात. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी पहिल्या दिवसापासून हवी. त्यात ‘आधी बघू’ चालत नाही. जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात वस्तूंसाठी साधारण ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीनंतर लागते. ऑनलाइन बाजारपेठांवर माल विकणाऱ्यांना वेगळे नियम आहेत, ते आधी पाहा.

केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडिया योजनेची मान्यता मात्र एकल मालकीला मिळत नाही. त्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते. म्हणजे मान्यता अनिवार्य असलेलं अनुदान समोर दिसायला लागलं की कंपनी काढायची वेळ आली.

४. मी डिप्लोमाला आहे, वय १७. मला धंदा सुरू करता येईल का?

विकता येईल, पण १८ पूर्ण होईपर्यंत तुम्ही केलेला करार कायद्याने टिकत नाही, आणि कंपनीचे संचालकही होता येत नाही. तोपर्यंत आई, वडील किंवा मोठ्या भावंडाच्या नावाने नोंदणी करा. मात्र घरातल्या घरात एक साधा कागद लिहून ठेवा: कल्पना कुणाची, पैसे कुणाचे, आणि १८ नंतर व्यवहार कुणाच्या नावावर होणार. घरचंच आहे म्हणून हा कागद टाळला जातो, आणि पुढे भांडणंही घरातच होतात.

५. पैसे कुणाकडून मिळतात? कॉलेज देतं का?

कॉलेज स्वतःच्या खिशातून क्वचितच देतं. बहुतेक पैसा सरकारी योजनांचा असतो आणि तो इनक्युबेशन केंद्रामार्फत येतो.

वस्तूचा नमुना बनवायला केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना आहे, कमाल १० लाख रुपये. स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्यात संकल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे शेअरमध्ये बदलता येणारी) गुंतवणूक अशी रचना आहे. अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी, अशी अट आहे. घाईने कंपनी काढून दोन वर्षं नुसती ठेवली तर ती संधी गेली. प्रश्न ३ चं उत्तर तसं लिहिण्यामागे हेही कारण आहे.

राज्याकडे महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी आहे. तिच्या स्टार्टअप वीकमध्ये निवड झाली तर बक्षिसाऐवजी सरकारी विभागाचं काम मिळतं. पहिल्या पर्वांत ही कामं १५ लाखांपर्यंतची होती. आमच्या मते पहिला ग्राहक मिळवून देणारी ही पद्धत रोख बक्षिसापेक्षा चांगली. साधा उत्पादनाचा किंवा सेवेचा धंदा असेल, स्टार्टअप वगैरे नसेल, तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. त्यात बँकेचं कर्ज आणि त्यावर १५ ते ३५ टक्के अनुदान असतं.

६. इनक्युबेशन सेंटर कंपनीत हिस्सा मागतंय. हे बरोबर आहे का?

मागू शकतं. २०१९ च्या धोरणानुसार जागा, मार्गदर्शन, प्राध्यापकांचा सहभाग आणि संस्थेच्या बौद्धिक संपदेचा वापर, या सगळ्याच्या बदल्यात संस्था २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते. तीच संस्था हिस्स्याऐवजी भाडं किंवा फी घेऊनही सेवा देऊ शकते, आणि बीजभांडवल न घेता फक्त सुविधा भाड्याने घ्यायचा पर्याय स्टार्टअपला असतो. हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही. विचारायला लागतं.

करारात टक्क्यांइतकंच बाकीच्या ओळींनाही महत्त्व आहे. समजा, एका टेबलाची जागा आणि महिन्यातून एक बैठक, यासाठी ५ टक्के मागितलेत. बाजारभावाने त्या जागेचं वर्षाचं भाडं काढा. उद्या कंपनीची किंमत १ कोटी झाली तर त्या ५ टक्क्यांचे ५ लाख होतात. आता कराराच्या मागच्या पानावर या. नवीन गुंतवणूकदार आला की सगळ्यांचा हिस्सा प्रमाणात कमी होतो. संस्थेचाही होणार, की तिचे ५ टक्के कायम ठेवण्याचं कलम आत घातलंय? पुढचा गुंतवणूकदार सगळ्यात आधी हेच कलम वाचतो, आणि ते बघून परत गेलेले लोक आहेत. मग पाहा: सहा महिन्यांत केंद्र सोडलं तरी पूर्ण हिस्सा द्यायचा का? तुम्हाला तो परत विकत घेता येईल का, आणि कोणत्या भावाने? सही करण्याआधी मसुदा घरी न्या. ‘सगळे इथेच सही करतात’ म्हणून घाई करणाऱ्याला एक आठवडा मागा.

७. कॉलेजच्या लॅबमध्ये बनवलेल्या वस्तूवर हक्क कुणाचा? माझा की कॉलेजचा?

कॉलेजचा निधी किंवा सुविधा मोठ्या प्रमाणात वापरल्या असतील, किंवा ते काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून झालं असेल, तर धोरणानुसार हक्क विद्यार्थी आणि संस्था यांचा संयुक्त. अभ्यासक्रमाबाहेर, कॉलेजची साधनं न वापरता केलं असेल तर पूर्ण तुमचा.

संयुक्त हक्क म्हटल्यावर घाबरायचं कारण नाही. शोध लावणाऱ्यानेच स्वतःच्या कंपनीसाठी परवाना घेतला तर संस्थेची रॉयल्टी विक्री किमतीच्या ४ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, शक्यतो १ ते २ टक्के असावी, असं धोरण सांगतं. निव्वळ सॉफ्टवेअर असेल तर वाटा आपसात ठरवायचा. वाद झाला तर पाच जणांची समिती नेमायची असते: दोन प्राध्यापक, दोन माजी विद्यार्थी किंवा उद्योगातले तज्ज्ञ, आणि एक कायदा सल्लागार.

भांडण होतं ते ‘मोठ्या प्रमाणात’ या शब्दांवर. एकदा थ्रीडी प्रिंटर वापरला म्हणजे मोठ्या प्रमाणात का? म्हणून तारखेसह वही ठेवा: कोणतं काम कुठे, कुणाच्या यंत्रावर, कुणाच्या साहित्यातून झालं. साहित्याची बिलं स्वतःच्या नावावर घ्या.

८. हॅकेथॉनमध्ये आमचं मॉडेल दाखवलं, बातमीही आली. आता पेटंट मिळेल का?

अवघड आहे. पेटंटसाठी शोध जगासमोर न आलेला असावा लागतो. भारतात काही मोजक्या प्रसंगी १२ महिन्यांची सूट आहे, उदाहरणार्थ सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध. कॉलेजची स्पर्धा सहसा यात बसत नाही. पण दाखवलं काय होतं ते महत्त्वाचं. यंत्र चालवून दाखवलं, आतली रचना उघड केली नाही, तर अजून जागा असू शकते. पेटंट एजंटला नेमकं काय सादर केलं ते दाखवा, पीपीटीसकट.

पुढच्या वेळी आधी तात्पुरता अर्ज करा आणि मगच स्टेजवर जा. व्यक्तीला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. परीक्षणाच्या विनंतीचे ४,००० रुपये वेगळे. एजंटची फी या दोन्हींपेक्षा बरीच जास्त असते, पण मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी ती सरकारने भरण्याची योजना आहे. आणि नुसतं ॲप असेल तर एक लक्षात ठेवा: संगणक प्रोग्रामला निव्वळ प्रोग्राम म्हणून भारतात पेटंट मिळत नाही. त्याला कॉपीराइटचं संरक्षण असतं.

९. धंद्यामुळे हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली. परीक्षेला बसू देतील का?

धोरणात तशी तरतूद आहे. संस्थेच्या परवानगीने, हजेरी कमी असली तरी विद्यार्थी उद्योजकाला परीक्षेला बसू द्यावं. परवानगी मात्र सत्राच्या सुरुवातीला, लेखी घ्या. हजेरीची यादी लागल्यावर धावपळ करणाऱ्याला प्राचार्यही काही करू शकत नाहीत. आणि परीक्षेची सूट म्हणजे शिष्यवृत्तीची सूट नव्हे. शिष्यवृत्तीच्या हजेरीच्या अटी स्वतंत्र असतात.

१०. एक वर्ष ब्रेक घेऊन पूर्णवेळ काम करायचंय. प्रवेश जाईल का?

धोरणाप्रमाणे एक सत्र किंवा एक वर्ष, आणि समितीने मान्य केलं तर त्याहून जास्त ब्रेक घेऊन परत येता येतं. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात, जमा झालेली क्रेडिट्स कमाल सात वर्षं वैध राहतात.

घराचा खर्च बघणाऱ्यांनी मात्र आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत अभ्यासक्रमादरम्यान दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. शैक्षणिक कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षाने सुरू होतात. ब्रेक घेताना बँकेला लेखी कळवून नवीन वेळापत्रक घेतलं नाही, तर बँक जुन्याच तारखेने हप्ते मागायला लागते. आणि परत आल्यावर फी कोणत्या वर्षाच्या दराने भरायची, हे ब्रेकच्या परवानगीपत्रातच लिहून घ्या. नंतर या एका ओळीवर हजारो रुपयांचा फरक पडतो.

११. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून स्वतःचा स्टार्टअप देता येतो का?

येतो. लहान-मोठा प्रोजेक्ट, सेमिनार, उन्हाळी प्रशिक्षण यांच्या जागी स्टार्टअप घेण्याची मुभा धोरणात आहे. पण प्रोजेक्ट झाला की तो अभ्यासक्रमाचा भाग झाला, म्हणजे हक्क संयुक्त होण्याचा रस्ता उघडला (प्रश्न ७). धंद्याचा गाभा बाहेर ठेवून एखादा सुटा भाग प्रोजेक्ट म्हणून देणारे विद्यार्थी शहाणे.

१२. गाइड सर म्हणतात, मलाही कंपनीत भागीदार करा. नाही म्हटलं तर मार्कांवर परिणाम होईल अशी भीती वाटते.

प्राध्यापकांनी स्टार्टअपमध्ये हिस्सा घेण्यावर धोरणाची बंदी नाही. कार्यालयीन वेळेच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ त्यांनी त्यात घालू नये, एवढी मर्यादा आहे. पण तुमचे मार्क देणारी व्यक्ती तुमच्या कंपनीत भागीदार असणं हा सरळ हितसंबंधांचा संघर्ष आहे, आणि तो सोडवायची जबाबदारी संस्थेची. सर खरोखर काम करणार असतील तर हिस्सा द्यायला हरकत नाही. मग मूल्यमापन दुसऱ्या गाइडकडे द्या, अशी विनंती विभागप्रमुखांना मेलवर करा. नुसतं नाव लावायचं असेल तर नम्रपणे नाही म्हणा. दबाव आलाच तर प्रश्न २० पाहा.

१३. माहितीपत्रकात ९९ हजार लिहिलं होतं, प्रत्यक्षात दोन लाखांच्या वर गेलं. हे कसं?

कारण ९९ हजार ही फी होती, खर्च नव्हे. आकडे कल्पित धरू. शिक्षण शुल्क ९०,०००, विकास शुल्क ९,०००. इथपर्यंत माहितीपत्रक. मग वसतिगृह ५५,०००, मेस दरमहा ३,५०० प्रमाणे दहा महिन्यांचे ३५,०००, परीक्षा आणि विद्यापीठाची शुल्कं ५,०००, पुस्तकं आणि गावाला येणंजाणं १२,०००. एकूण २,०६,०००. त्यात १०,००० अनामत, जी शेवटी परत मिळायची असते पण पहिल्या दिवशी खिशातून जातेच. म्हणजे पहिल्या वर्षी हातात २,१६,००० रुपये हवेत.

आता शिष्यवृत्ती. शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्काचे ५० टक्के, म्हणजे ४५,००० मिळणार असतील, तर पालक ते लगेच वजा करतात. पण ती रक्कम महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून खात्यात यायला वेळ लागतो. त्यामुळे दोन वेगळे हिशोब मांडा: चार वर्षांत एकूण किती जाणार, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हातात किती लागणार. कर्ज काढावं लागतं ते दुसऱ्या आकड्यापायी.

१४. मंजूर फी किती हे कुठे पाहायचं?

अभियांत्रिकी, फार्मसी, एमबीए, विधी, वैद्यकीय अशा खासगी विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजनिहाय, वर्षनिहाय आकडा असतो. फक्त यंदाचा बघू नका, मागच्या तीन वर्षांचे एकाखाली एक लिहा. वाढ कशी होत आली ते कळतं. काही वेळा आकडा अंतरिम असतो, तो नंतर बदलू शकतो.

अनुदानित बीए, बीकॉम, बीएस्सीची फी शासन आणि विद्यापीठाच्या नियमांनी ठरते. खासगी आणि अभिमत विद्यापीठांची व्यवस्था वेगळी आहे. महत्त्वाचं म्हणजे राज्याच्या बऱ्याच शुल्क सवलती तिथे लागू होत नाहीत. ‘युनिव्हर्सिटी’ नावाला भुलून घेतलेला प्रवेश इथे महाग पडतो.

१५. मुलींना फी माफ आहे ना? मग कॉलेजने पैसे का मागितले?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत मिळाली. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश केंद्रीभूत (कॅप) प्रक्रियेतून झालेला हवा. संस्था स्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ही सवलत नाही. वसतिगृह, मेस, बस यांतलं काहीही माफ नाही. म्हणून आधी मागणीचा तपशील घ्या. त्यात शिक्षण शुल्क धरलं असेल तर शासन निर्णयाची प्रत जोडून लेखी हरकत घ्या.

१६. पावती न देता पैसे मागितले, किंवा चारही वर्षांची फी एकदम मागितली तर?

दोन्ही चुकीचं. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमानुसार आगाऊ फी फक्त चालू सत्राची किंवा वर्षाची घेता येते. मंजूर शुल्काबाहेरची रक्कम राज्याच्या १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्यात मोडू शकते. रोख देऊ नका. ‘डेव्हलपमेंटसाठी ऐच्छिक देणगी’ असा शब्द वापरला तर ती ऐच्छिक आहे आणि आम्ही देत नाही, एवढं बोला.

१७. प्रवेश रद्द केला. पैसे आणि मूळ कागदपत्रं परत मिळतील का?

मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. फीबाबत युजीसीच्या २०१८ च्या धोरणाची मूळ चौकट अशी: प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी रद्द केला तर पूर्ण परतावा, कमाल ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांच्या आत कापून. अंतिम तारखेला १५ दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर शून्य. अनामत मात्र कधीही पूर्ण परत. एखाद्या वर्षी युजीसी याहून सैल तारखा जाहीर करते. तांत्रिक अभ्यासक्रमांना एआयसीटीईचा (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा) नियम आहे: अभ्यासक्रम सुरू होण्याआधी रद्द केल्यास १,००० रुपयांपेक्षा जास्त कापता येत नाही. रद्द करायचा अर्ज ऑनलाइन भरून त्याची पोच जपून ठेवा. तोंडी ‘मी येत नाही’ म्हणणं अर्जात धरत नाहीत.

१८. शैक्षणिक कर्जातले थोडे पैसे धंद्यात घातले तर चालतील का?

नाही. फीचा हप्ता बँक थेट कॉलेजच्या खात्यात भरते, आणि लॅपटॉप वगैरेसाठी बिल मागते. पळवाट शोधण्यापेक्षा कर्जच लहान घ्या. धंदा बुडाला तरी कर्ज उरतं, आणि थकलेलं शैक्षणिक कर्ज सिबिलमध्ये (बँका पाहतात त्या कर्जफेडीच्या नोंदीत) दिसलं की पुढे धंद्यासाठी कर्ज मिळणं कठीण होतं. कर्ज लागणारच असेल तर पीएम-विद्यालक्ष्मी पोर्टलवर तुमची संस्था यादीत आहे का ते पाहा. यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतही आहे.

१९. माझ्या धंद्यातून पैसे यायला लागले. शिष्यवृत्ती बंद होईल का?

विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. ३ लाखांचा माल विकून खर्च २ लाख ६० हजार झाला असेल तर उत्पन्न ४० हजार. तहसीलदारांचा दाखला कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो. तुम्ही विवरणपत्र भरलं असेल तर त्यातलं उत्पन्न लपवू नका, कारण पुढे त्याचा ताळा जुळला नाही तर आधी मिळालेली रक्कमही परत मागितली जाऊ शकते. खर्चाची बिलं न ठेवणाऱ्याची सगळी विक्रीच उत्पन्न म्हणून दिसते, आणि मर्यादेच्या काठावरच्या कुटुंबाला ते भोवतं.

२०. कॉलेज ऐकतच नाही. तक्रार कुठे करायची?

युजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. ती तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजी दिवसांत अहवाल देते. समाधान झालं नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. त्यांनी ३० दिवसांत निकाल देणं अपेक्षित आहे. जादा फीची तक्रार शुल्क नियामक प्राधिकरणाकडेही जाते. प्रवेशापूर्वी किमान ६० दिवस आधी फीचा प्रत्येक घटक आणि परताव्याची टक्केवारी प्रसिद्ध करणं याच नियमांत बंधनकारक आहे. त्यामुळे ‘वेबसाइटवर फीचा तपशीलच नाही’ ही स्वतंत्र तक्रार होऊ शकते. एकट्याला भीती वाटत असेल तर पाच-सहा जणांनी मिळून सही करा. पालकांनी नुसतं जाऊन भेटण्यापेक्षा हे जास्त लागू पडतं.

२१. कंपनीचा पत्ता कॉलेजचा किंवा होस्टेलचा दिला तर?

इनक्युबेशनमध्ये असाल तर परवानगीने कॉलेजचा पत्ता देता येतो, धोरणात तसं आहे. होस्टेलच्या खोलीचा पत्ता देऊ नका. खोली दरवर्षी बदलते आणि सरकारी नोटीस रेक्टरच्या टेबलावर पडून राहते. पास झाल्यावर परवानगी संपते, तेव्हा पत्ता बदलायची तारीख आधीच कॅलेंडरवर टाका.

२२. आम्ही चौघांनी सुरू केलं, प्रत्येकी २५ टक्के. एकाला कॅम्पसमधून नोकरी लागली, तो निघाला. त्याचा हिस्सा परत घेता येईल का?

कागदावर काही ठरलं नसेल तर त्याच्या मर्जीशिवाय नाही. शेअर त्याचे आहेत, तो काम करो वा न करो. म्हणून हिस्सा एकदम न देता चार वर्षांत थोडा थोडा पक्का होईल, आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच मिळणार नाही, असा करार कंपनी काढतानाच करतात. आता उशीर झाला असेल तर त्याच्याशी बसून भाव ठरवा आणि शेअर हस्तांतराचा अर्ज मुद्रांकासह करा. तो मित्र अजून मेसमध्ये रोज भेटतोय तोवर हे काम उरका. त्याचं पोस्टिंग बेंगळुरूला झालं की एका सहीसाठी महिने जातात. त्याने लिहिलेला कोड किंवा काढलेलं डिझाइन कंपनीच्या नावावर केल्याचाही कागद त्याच दिवशी घ्या, कारण शेअर परत आले तरी तो हक्क आपोआप येत नाही.